प्रूफ संचाची पारख

(टांकसाळीने संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांच्या संचाला 'प्रूफ संच' म्हणतात. असा संच विकत घेताना तो मूळचा आहे की मागाहून त्यात काही फेरफार झाला आहे, हे कसे ओळखावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

कल्याणहून कर्जतच्या दिशेने लोकल निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. यांपैकी उल्हासनगर हे शहर फाळणीनंतर वसले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना येथील लष्करी छावणीत आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. म्हणूनच तेथील वस्त्यांना आजही 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर दोन' असे म्हणतात. घरदार सोडून आलेल्या या लोकांनी छोटे छोटे कारखाने काढले. कापड, फर्निचर, खाऊ, यंत्रांचे सुटे भाग, काय वाटेल ते ते बनवू लागले. काही वस्तूंवर 'मेड इन यूएसए' असे छापलेले असे. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा विनोद पुढे मुंबईभर पसरला.

हा विनोद या कष्टाळू शहराला न्याय देणारा नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्या पाठाला उपयोगी आहे. वस्तूवर काय छापले आहे, ती कोणत्या डबीत ठेवली आहे, यावरून ती खरी ठरत नाही. नाण्यांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे.

समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलीला नाणी जमवण्याचा नाद आहे. दोन वर्षांची ईदी तिने साठवून ठेवली आहे. एके दिवशी ती मामूंबरोबर उल्हासनगरच्या बाजारात जाते. तेथे एक विक्रेता त्यांना एक चपटी डबी दाखवतो. डबीला वरून पारदर्शक झाकण आहे. आत चार चकचकीत नाणी आहेत. चारही नाण्यांवर महात्मा गांधींचा मुखवटा आहे. विक्रेता म्हणतो, "भाईजान, हा १९६९ सालचा गांधी शताब्दीचा प्रूफ संच आहे. मुंबईच्या टांकसाळीचा. एकदाही उघडलेला नाही. आज घ्या, पुढच्या वर्षी दुप्पट किंमत येईल."

मुलगी मामूंकडे पाहते. मामू खिशात हात घालतात. आता तिने काय करावे? ते ठरवण्याआधी प्रूफ नाणे म्हणजे काय, हे आपण समजून घेऊ.

मुंबईची टांकसाळ फोर्ट भागात, रिझर्व्ह बँकेसमोर आहे. १८२९ पासून तेथे नाणी पाडली जातात. बाजारात चालणारी नाणी भराभर पाडतात. ती यंत्रातून एकमेकांवर पडतात, थैल्यांत भरली जातात, गाडीतून बँकेत जातात. त्यामुळे अगदी कोऱ्या नाण्यावरही बारीक ओरखडे असतात. प्रूफ नाण्याची गोष्ट वेगळी असते. त्याचा ठसा आधी आरशासारखा घासून घेतात. धातूची चकतीही चकचकीत करतात. मग ती चकती ठशांमध्ये ठेवून तिच्यावर अधिक दाबाने, एकापेक्षा जास्त वेळा आघात करतात. पडलेले नाणे हातमोजे घालून, कडेला धरून उचलतात. अशा नाण्याची सपाट जागा आरशासारखी लखलखते आणि चित्र मात्र दव पडल्यासारखे पांढुरके, मंद दिसते. अक्षरांच्या कडा धारदार असतात.

टांकसाळ आणखी एक प्रकारचा संच विकते. त्याला 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे चलनात न आलेल्या नाण्यांचा संच म्हणतात. ही नाणी कोरी असतात, पण आरशासारखी नसतात. त्यांची किंमतही प्रूफ संचापेक्षा कमी असते. बाजारातली सर्वांत साधी फसवणूक येथेच होते. डबीत संच अनसर्क्युलेटेड असतो आणि विक्रेता त्याला प्रूफ म्हणतो. यात कोणी नाण्याला हातही लावलेला नसतो, फक्त नाव बदललेले असते.

आता आपल्या डबीकडे वळू. पहिली परीक्षा डोळ्यांची. मुलीने दप्तरातून पेन्सिल काढली आणि तिचे टोक झाकणाजवळ धरले. तीन नाण्यांच्या सपाट जागेत पेन्सिलीचे प्रतिबिंब स्वच्छ दिसले. चौथ्यात, म्हणजे एक रुपयाच्या नाण्यात, ते थोडे पुसट होते. शिवाय त्या नाण्यावरचा गांधीजींचा चेहराही बाकीच्या जागेइतकाच चमकत होता. त्यावर दव नव्हते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण शंका घ्यायला जागा झाली.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. गांधी शताब्दीची चार नाणी निघाली होती. दहा रुपयांचे नाणे चांदीचे होते. त्याचे वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर आणि त्यात ८० टक्के चांदी. एक रुपया आणि पन्नास पैसे ही नाणी निकलची. वीस पैशांचे नाणे पिवळे, अॅल्युमिनिअम आणि तांबे यांच्या मिश्रणाचे. निकल हा धातू लोहचुंबकाकडे ओढला जातो. चांदी ओढली जात नाही आणि पिवळे वीस पैसेही नाही. म्हणून डबी न उघडता, बाहेरूनच चुंबक फिरवता येतो. मुलीने विज्ञानाच्या पेटीतला चुंबक फिरवला. रुपया हलला, पन्नास पैसे हलले, बाकीची दोन जागच्या जागी राहिली. म्हणजे या परीक्षेत संच उत्तीर्ण झाला. विक्रेता हसून म्हणाला, "बघ बेटा, मी सांगितले होते ना?"

पण चुंबक फक्त धातू सांगतो. नाणे कोणत्या कामासाठी पाडले, हे तो सांगत नाही. बाजारात चाललेला गांधी रुपयाही निकलचाच होता!

तिसरी परीक्षा भिंगाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक टांकसाळ आपल्या नाण्यावर वर्षाच्या खाली एक बारीक खूण ठेवते. हैदराबादची खूण तारा, नोएडाची खूण ठिपका, तर मुंबईची खूण चौकटीच्या पत्त्यावर असते तशी लहानशी चौकट. कोलकात्याच्या नाण्यावर सहसा खूण नसते. आता लक्ष द्या. मुंबईच्या टांकसाळीने १९६९ पासून आपल्या प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी इंग्रजी 'बी' हे अक्षर घातले. बी म्हणजे बॉम्बे. शहराचे नाव मुंबई झाल्यावर, १९९६ पासून, त्या जागी 'एम' हे अक्षर आले. म्हणजे मुंबईचा एखादा प्रूफ संच १९६९ नंतरचा असेल, तर त्यातल्या नाण्यांवर 'बी' किंवा 'एम' असायला हवा.

मुलीने दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले. दहा रुपये, 'बी'. पन्नास पैसे, 'बी'. वीस पैसे, 'बी'. एक रुपया, चौकट!

"चाचा," ती विक्रेत्याला म्हणाली, "हा रुपया या संचातला नाही. हा बाजारात चाललेला रुपया आहे. कोणीतरी घासून चमकवला आहे."

काय झाले असेल, ते ओळखणे कठीण नाही. मूळ रुपया कधीतरी डबीतून काढला गेला. तो हरवला असेल, डागाळला असेल किंवा वेगळा विकला गेला असेल. त्याच्या जागी दुसरा रुपया बसवून डबी बंद केली गेली. हे विक्रेत्याने केले असे नाही. त्यानेही ती डबी तशीच कोणाकडून तरी घेतली असेल. पण घेणाऱ्याचे नुकसान व्हायचे ते होतेच.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. अक्षराचा हा नियम १९६९ पासूनचा आहे. प्रजासत्ताक भारताची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी आली. त्या वर्षीच्या प्रूफ संचात सात नाणी होती: एक रुपया, अर्धा रुपया, पाव रुपया, दोन आणे, एक आणा, अर्धा आणा आणि एक पैसा. त्या मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर चौकटच आहे, 'बी' नाही. तेव्हा चौकट दिसली की लगेच 'नकली' म्हणून ओरडू नये. कोणत्या वर्षी टांकसाळीने काय काढले, हे नाण्यांच्या सूचीत आधी पाहावे.

आता डबीविषयी. डबी उघडून पुन्हा बंद केली असेल, तर काही खुणा मागे राहतात. डिंकाची एक रेघ जुनी, पिवळी आणि दुसरी नवी, स्वच्छ असते. प्लॅस्टिक तापवून चिकटवले असेल, तर जोडावर दोन रेघा किंवा हवेचे बुडबुडे दिसतात. झाकणाच्या कडेला पातळ पाते घातल्याचा चरा असतो. डबी हलवली तर एखादे नाणे खाचेत खुळखुळते, कारण ती खाच त्याच्यासाठी नव्हतीच. कधी डबी तीस वर्षांपूर्वीची असते, पण झाकणावर एकही ओरखडा नसतो. अशा वेळी झाकण नवे बसवले आहे का, असे विचारावे.

पण उघडलेला प्रत्येक संच लबाडीचा असतो, असे मुळीच नाही. उल्हास नदीच्या काठचे लोक हे चांगले जाणतात. जुलै २००५ आणि जुलै २०१९ च्या पुरात बदलापूरच्या वस्त्यांत पाणी शिरले. कपाटेच्या कपाटे भिजली. अशा घरात नाण्यांची डबी असेल, तर मालकाने ती उघडून नाणी कोरडी करणे साहजिकच आहे. पूर आला नाही तरी कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दमट हवा डबीत शिरते आणि तांब्याच्या नाण्यावर डाग पडतात. काही जातीच्या मऊ प्लॅस्टिकमुळे नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो. प्रामाणिक माणूस हे सारे सांगतो आणि त्याप्रमाणे किंमत कमी घेतो. उघडलेली डबी 'न उघडलेली' म्हणून विकणे, ही लबाडी.

नाणे घासणे ही मात्र मोठी हानी आहे. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने किंवा राखेने लखलखीत करतात. भांड्याला ते शोभते. तीच चिंच नाण्याला लावली की त्याच्यावर बारीक रेघांचे जाळे पडते, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि चित्रावरचे दव कायमचे जाते. घासलेले नाणे उजेडात फिरवून पाहावे. रेघा एकाच दिशेने किंवा गोल गोल गेलेल्या दिसतात. प्रूफ नाण्याची चमक अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचलेली असते. घासलेल्या नाण्यात ते कोपरे काळसर राहतात, कारण तेथपर्यंत फडके जात नाही. नाणेसंग्राहकांच्या दृष्टीने काळवंडलेले पण न घासलेले नाणे घासलेल्या नाण्यापेक्षा केव्हाही चांगले.

काही लोक वर्षाच्या अंकातही फेरफार करतात. एखादा अंक खरवडून दुसरा कोरतात. एका अंकाने किती फरक पडतो, याचे उदाहरण पाहायचे असेल तर अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात जावे. तेथील शिलालेखातला शक आरंभी काही अभ्यासकांनी ७८२ असा वाचला होता. नंतर तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित झाला. एका अंकामुळे दोनशे वर्षांचे अंतर! तेथे कोणी लबाडी केली नव्हती, दगड झिजला होता एवढेच. नाण्यावर मात्र अंकाभोवतीची जागा किंचित खोल किंवा खडबडीत लागली, तर हात आखडता घ्यावा. गांधींच्या नाण्यांवर '१८६९-१९४८' ही जन्म-मृत्यूची वर्षे आहेत, नाणे काढल्याचे वर्ष नाही. 'हे बघा १९४८ सालचे नाणे' असे सांगून तेच नाणे नवख्या माणसाला विकता येते. त्यासाठी खरवडण्याचीही गरज पडत नाही.

अलीकडच्या मोठ्या नाण्यांना वजनाची परीक्षा चांगली लागू पडते. एखाद्या घटनेच्या किंवा व्यक्तीच्या स्मरणार्थ नाणे काढताना सरकार त्याचे वजन, व्यास आणि धातू राजपत्रात प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये संसदेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनानिमित्त ७५ रुपयांचे नाणे निघाले. त्याचा व्यास ४४ मिलिमीटर आणि वजन ३५ ग्रॅम आहे. त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकल आणि ५ टक्के जस्त आहे. सराफाच्या काट्यावर असे नाणे तीस ग्रॅम भरले, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

इंग्रजांच्या काळातील 'प्रूफ' नाणी विकत घेताना आणखी एक गोष्ट माहीत हवी. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळी जुने ठसे वापरून संग्राहकांना जुनी नाणी पुन्हा पाडून देत असत. ही पद्धत १९७० मध्ये बंद झाली. ही नाणी नकली नव्हेत, टांकसाळीचीच आहेत. पण ज्या वर्षाचा आकडा त्यांच्यावर आहे, त्या वर्षी ती पाडलेली नाहीत. त्यांना 'पुनर्मुद्रित' म्हणावे आणि तेवढीच किंमत द्यावी.

या जुन्या नाण्यांच्या बाबतीत उर्दू वाचणाऱ्या मुलांना एक जास्तीची सोय आहे. पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयावर इंग्रजीबरोबर उर्दू लिपीत 'यक रुपया' असे कोरलेले आहे. ज्याला ती लिपी येत नाही, तो कारागीर ती अक्षरे केवळ चित्र म्हणून उतरवतो. मग एखादा नुक्ता सरकतो, एखादे अक्षर मध्येच तुटते. दुसऱ्याला ते दिसणारही नाही, तुमच्या डोळ्यांना मात्र ते लगेच खटकेल. आणि भाषेचा विषय निघालाच आहे, तर हेही पाहा: उर्दूतील 'टकसाल' आणि मराठीतील 'टांकसाळ' हे शब्द एकाच मुळापासून आले आहेत. मराठीत 'खणखणीत नाणे' म्हणजे पारखून घेतलेला, भरवशाचा माणूस, तसाच उर्दूत 'खरा सिक्का'.

संच घ्यायचाच असेल, तर सर्वांत सरळ वाट टांकसाळीची. २००६ मध्ये स्थापन झालेले भारतीय प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण महामंडळ आता देशातील टांकसाळी चालवते आणि नव्या संचांची नोंदणी घेते. संच हाती पडायला वेळ लागतो, हे खरे. पण तेथे जाहीर केलेली ठरावीक किंमत असते. जुना संच व्यापाऱ्याकडून घ्यावा लागला, तर पावती मागावी. पावतीवर संचाचे वर्ष, टांकसाळ, नाण्यांची संख्या आणि 'प्रूफ' हा शब्द लिहून घ्यावा. खात्रीचा व्यापारी हे आनंदाने लिहून देतो. जो 'लिहायची काय गरज आहे?' असे म्हणतो, त्याच्याकडून घेण्याचीही गरज नाही.

विकण्याच्या नावाखालीही फसवणूक चालते. 'तुमच्याकडच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कर आणि कमिशन भरा', असे संदेश लोकांच्या मोबाइलवर येऊ लागले. काहींनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की ती असा कोणताही व्यवहार करत नाही, कोणाकडून कमिशन मागत नाही आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. धातूसाठी नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा २०११ च्या नाणे अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आणि त्या डबीचे काय झाले? मामूंनी विक्रेत्याला रुपया वगळून तीन नाण्यांची किंमत सांगायला सांगितली. थोडी घासाघीस झाली. शेवटी विक्रेत्याने पावतीवर लिहिले: 'तीन नाणी प्रूफ, एक रुपया बदललेला.' ईदीतले पैसे उरले. मूळ 'बी' अक्षराचा रुपया कोठे मिळतो का, याची चौकशी मुलीने परत जाताना लगेच पुढच्या दुकानात सुरू केली.

शब्दार्थ

टांकसाळ – नाणी पाडण्याचा सरकारी कारखाना, टकसाल
पारख – परीक्षा, परख
नाणे पाडणे – ठशाने नाणे तयार करणे
ठसा – चित्र उमटवण्याचा साचा
भिंग – वस्तू मोठी दाखवणारी काच
हात आखडता घेणे – खर्च करताना थांबणे
घासाघीस – किंमत कमी-जास्त करण्यासाठी केलेली बोलणी
राजपत्र – सरकारी आदेश छापण्याचे पत्रक, गॅझेट

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उल्हासनगरच्या वस्त्यांना 'कॅम्प' असे का म्हणतात?
(आ) मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर 'बी'च्या जागी 'एम' केव्हापासून आला?

२. कारणे द्या.
(अ) चुंबकाच्या परीक्षेत बदललेला रुपया पकडला गेला नाही.
(आ) उघडलेली प्रत्येक डबी लबाडीची नसते.

३. मुलगी आणि विक्रेता यांच्यातील संवाद पुढे वाढवून आठ-दहा ओळी लिहा.

४. उपक्रम : घरातील एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी भिंगातून पाहा. वर्षाखालील खुणा वहीत काढा आणि प्रत्येक नाणे कोणत्या टांकसाळीचे आहे, ते लिहा.